सुनेनं भिंतीवर लावलेली माझी तसबीर

पुन्हा मलाच सांगायला लावताय, तोंड दुखलं माझं! सुनेनं आमचं मुलुंडचं घर सजवलं. गोधडीच्या उशा, त्यात मखमली खुर्ची. म्हणाली, "बाबा, बोहेमियन आहे, थोडं व्हिक्टोरियन टाकलंय." मला काय डोंबल कळतंय! माझाच फोटो काळा-पांढरा करून सोनेरी नक्षीच्या चौकटीत लावला, वर सुकलेल्या फुलांची माळ सोडली.

दोन महिन्यांनी गावाहून आलेला माझा गिरणीतला जोडीदार ते बघून खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला, "मला कळवलं पण नाही रे कुणी!"

मी टॉवेल गुंडाळून मोरीतून बाहेर आलो. "काय झालं रे?"

मेला माझ्यावरच ओरडला, "जिवंत आहेस तर आधी सांगता येत नाही?"

इतका रडला माझ्यासाठी, पण माफी अजून मागितलेली नाही या दत्ता परबानं.