ओवीचे तीन फॉर्म

लेकराबद्दल खरं कोण सांगतं: आई, बालवाडीची बाई की आजोबा? तुमी कुणावर भरवसा ठेवाल?

माझी नात ओवी चार वर्षांची. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "शेटजी, पोरगी घडीभर बसत न्हाई, उठून रस्त्यावर पळते. डॉक्टरला दाखवा."

बीडच्या डॉक्टर मॅडमनी आमाला तिघांना एकेक फॉर्म दिला. 'जागेवरून उठून पळते का?' यापुढं बाईंनी लिहिलं 'नेहमी', सुनेनं 'कधीकधी' आणि मी 'कधीच नाही'. तीस वर्षं दुकानात काढलीत, घरच्या मालाला नावं ठेवायची सवयच न्हाई.

मॅडमनी तिन्ही फॉर्म वाचले. "काका, ह्या तर तीन वेगळ्या मुली दिसतात. तुम्ही यातली कोणती आणलीत?"

मी छाती फुगवून म्हणालो, "माझीवाली. दुकानात तास तास माझ्याजवळ गप बसते!"

"काय करत?"

"मोबाईल बघत."

"तुमचा फॉर्म खरा धरला, तर मी हिला काहीच त्रास नाही म्हणून घरी पाठवीन. उद्या रस्त्यावर हिला कोण धरेल? मोबाईल?"

मी गुपचूप नवा फॉर्म मागितला. तुमच्याही हाती असा कागद आला तर, दोस्तहो, निदान लेकराचा हिशोब तेवढा खरा लिहा.