मित्राची कवळी

हॅलो? … हो, म्हाताऱ्या माणसांच्या मदतीचीच संस्था. बोला ना. … पुरुष हवा होता बोलायला? आज मीच आहे. … चालेल? मग बोला, काका. आधी एवढंच सांगा, घरात कोण आहे आत्ता? … मुलगी. कुठे आहे? … गच्चीवर, कपडे वाळत घालतेय. एक बादली की दोन? … दोन. मग आहे वेळ.

ती आली तर काय म्हणायचं ते आधीच ठरवून ठेवू. दातांचा दवाखाना म्हणायचं. … खोटं नाही हो. खाली खरोखरच दातांचा दवाखाना आहे, वरच्या खोलीत आम्ही. खालच्या डॉक्टरीणबाई आमच्यातल्याच. आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांचे घरी दात दुखतात. … हो, ज्यांना एकही दात नाही त्यांचेसुद्धा.

… बरं. तुमचा मित्र. … त्याला त्याची मुलगी… हो, हो, ऐकतेय. … चिमटे. कुठे काढते? … दंडाच्या आतल्या बाजूला. म्हणजे बाहीखाली झाकले जातात. … आणि? … कवळी? … जेवताना काही सांडलं की कवळी काढून घेते. आणि ठेवते कुठे? … कपाटावर. त्याचा हात नाही पुरत तिथे. … परत कधी देते? … राग उतरला की. आणि तोवर दुधात पाव. … बरं.

… एक मिनिट हं, काका, धरा फोन. (अगं, तो पंखा बंद कर जरा, ऐकू येत नाहीये. … एक काका आहेत, मित्राबद्दल सांगतायत. कवळी काढून घेतात मित्राची. … हो ना, यांच्याच तोंडात दात नाहीयेत. बोलणं सगळं हवेत जातंय. … नाही, मी नाही विचारणार. आपण विचारतो का कधी? ते मित्र म्हणतायत तोवर मित्र.)

हां, काका, बोला. … आहे, आहे, कुठे जाते. काय हवंय तुमच्या मित्राला? … काहीच नको. नुसतं कुणाला तरी सांगायचं होतं. … हो, हो… अहो, ऐका ना. … आपलेच दात, आपलेच ओठ. बरोबर आहे. पण काका, त्याचे दात तर कपाटावर आहेत ना? … हसा, हसा. हसायला दात लागत नाहीत.

… पोलीस नाही येणार. त्यानं हो म्हटल्याशिवाय कोणीच नाही येणार. … मुलीला कोण कशाला उचलून नेईल? … हो. … हो, आईचं आजारपण तिनंच काढलं. … नोकरी सोडली. लग्नाचंही राहून गेलं. … दमली असेल हो, दमणारच. तिच्या हाताखाली दिवसाचं माणूस देता येतं, तिच्याशी बोलायलाही कोणीतरी मिळेल. पण दमलेलं माणूस झोपतं, काका. चिमटे नाही काढत. … नाही, रागावले नाही. वाईट वाटलं, म्हणून बोलले.

… झाकली मूठ, हो. कळतंय मला मित्राचं म्हणणं. पण मूठ झाकलेली राहावी म्हणून दंड काळानिळा करून घ्यायचा, असं कुठे असतं?

बरं, असं करा. उद्या अकराला या म्हणावं त्याला. … येऊ दे की मुलीला सोबत. ती खाली बाकावर बसेल, मासिकं चाळेल. त्याला आतल्या खोलीत घेऊ. … जिना नाही, गुडघ्यांचं सांगू नका, आम्हीच खाली येतो. … बोलायचं की नाही ते त्यानं ठरवायचं. नाही बोलला तर चहा पिऊन घरी जाईल. … विचारून सांगता? बरं, विचारा. घाई नाही. … म्हणजे, थोडी आहे. आधी चिमटे होते म्हणालात. आता आणखी काही? … ढकललं. … बाथरूममध्ये. … ओली फरशी. … लागलं का? … काका, मित्राला लागलं का कुठे?

… काका? … हॅलो? … हॅलो?

नमस्कार. … दातांच्या दवाखान्यातून. आपण मुलगी का त्यांची? बरं झालं तुम्ही फोन घेतलात. … नाही हो, तक्रार कसली. तपासणीची वेळ विचारत होते. उद्या अकराची वेळ मोकळी आहे. … पण त्यांचं बोलणं काही कळेना मला. कवळी घातलेली नाही का? … कपाटावर. … हरवतात म्हणून, हो. म्हातारी माणसं कुठेही ठेवतात. … पण कोरडी ठेवू नका, वाकडी होते. मग सगळी नवीन करायची, पुन्हा मापं, पुन्हा खेपा तुम्हालाच. … तेच म्हणतेय मी. आत्ता घालायला द्या बरं त्यांना. ढिली झाली असेल तर बोलण्यावरून कळतं, डॉक्टरांना तसं सांगून ठेवते. … स्टूल घ्या, सावकाश. मी धरते फोन. … हो, धुऊन द्या.

…

… घातली? द्या त्यांच्याकडे. … काका, काहीतरी बोलून दाखवा. काहीही चालेल. … मुलगी काय सांगतेय मागून? … बसवर कंडक्टर होतात? मग तेच म्हणा. … 'चला, पुढे सरका, पुढे जागा आहे.' … पुन्हा एकदा. … छान. सगळी बस पुढे सरकली असेल. … हसलं कोण? मुलगी? … बरं.

आता एकच सांगा, काका. नुसतं हो किंवा नाही. उद्या अकराला तुमचा मित्र येतोय का?

… काय म्हणालात? … परत म्हणा.

… 'मी येतो.' … हो. ऐकलं मी. स्वच्छ ऐकलं.

कवळी आज काढायची नाही, दवाखान्यातून सांगितलंय म्हणावं. आणि रात्री काही दुखलं तर हाच नंबर, कोणीतरी उचलतंच. … हो, काका. तुम्हीच या. … ठेवते.