राजवीरचा डबा

रंकाळा स्टँडवर निशिगंधा गाडीची वाट बघत बसली होती. पाठीमागच्या बाकावर एक म्हातारा थोरल्या बहिणीशी बोलत होता. दोघांचेही आवाज मोठे, त्यामुळं शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"तुझ्या पोराला जाऊन वरीस झालं, आकाराम. डोंगरावनं त्येचा डबा घिऊन येतो म्हणालतास. आणलास?"

"न्हाय, आक्का."

"सापडला न्हाय?"

"सापडला की. राजवीरनं मोबाईलवर खूण करून ठेवलीया. नातीनं ती बघून वाट दावली. पार कड्याजवळ, दगडाखाली हुता."

"आत काय हुतं?"

"वही. मोबाईलवरची खूण बघून लपवल्याला डबा हुडकायचा, असला खेळ हाय त्यो. हुडकत येणाऱ्यांनी वहीत नावं लिवल्यात. पुण्याची, बेळगावची माणसं. एकानं लिवलंय, असला देखावा जल्मात बघितला न्हवता."

"खरंच तसलं हाय काय वर?"

"हाय. आख्खी नदी दिसती, वळणं घेत गेल्याली. साठ वर्सं पायथ्याला म्हसरं चारली, पर वर कधी गेलो न्हाय. पोरगं म्हणायचं, आबा, एकदा चला. मी म्हणायचो, वर काय ठेवलंय?"

निशिगंधाची गाडी लागली होती. ती बसूनच राहिली.

"त्येच्या हातची वस्तू घरात ऱ्हायली असती रं."

"त्यासाठीच गेलतो. पर डबा काढला तर लोकं कशाला येत्याल तिथं? वहीत माझं नाव लिवलं, अन् हुता तिथं ठेवला."



"मला नेशील?"

"तुझं गुडघं, आक्का..."

"बसत-उठत यीन की."