मेंदूचं कलम

राजापेठेतल्या मेंदूच्या डॉक्टरकडे साधनाचा नंबर पंधरावा होता. त्यामुळे शेजारच्या बाकावर कान लावून बसण्यावाचून तिला दुसरा धंदा नव्हता. तिथे तिवस्याकडचे संत्रावाले नत्थुजी आणि त्यांची बायको गोदाबाई बसले होते.

"मागच्या खेपेले डॉक्टरनं काय सांगतलं, याद हाये का?" गोदाबाईनं विचारलं.

"तूच सांग वं."

"मूळ पेशी असतात म्हणे. त्याईतून बारीक बारीक पिशव्या निंघतात. त्या मेंदूत जाऊन दुरुस्ती करतात."

"मंग मांग न दोन पिशव्या."

"अजून उंदरावरच करून पाहून राहिले."

"उंदराले काय याद ठेवाचं असते?"

"आपलं बीळ. तुमी तं मले यष्टी स्टँडवर सोडून एकटेच घरी गेले होते."

"बरं, पेशी कोणाची घेतात?"

"दुसऱ्याची बी चालते म्हणे."

"नाई जमत. कलम करताना जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरला, तं फळ संत्र्याचंच लागते. दुसऱ्याची पेशी घातली तं मले त्याचीच बायको याद येईन."

"मंग माही घ्या. मले सारं याद हाये."

"सारं?"

"लग्नात तुमी सायकलीसाठी पंगतीतून रुसून उठले, तवापासून सारं. माह्या बापाले काय काय बोलले, थे बी."

"राहू दे वं. माहं हाये थेच बरं हाये."

"नत्थुजी वानखडे!" आतून पुकारा झाला.

"उठा न, तुमालेच बलावून राहिले."

"मले? कोण नत्थुजी?"