टोपल्यांच्या सोडतीच्या दिवशी मी काय पाहिलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेचे माजी मुख्याध्यापक आदरणीय रामप्रसादजी, व्यासपीठावर विराजमान असलेले संस्थेचे सचिव शिवहारराव, माझे सहकारी शिक्षक बंधुभगिनी, वाड्या-वस्त्यांवरून काम टाकून आलेले ग्रामस्थ, मायबहिणी, विद्यार्थी मित्रहो, आणि ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत त्या सत्कारमूर्ती रुख्मिणीबाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे पाच मिनिटं लिहिली आहेत. मला थोडी जास्त लागतील. अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

माझ्याआधी जे बोलले ते सगळं खरं आहे. सव्वीस वर्षं बाईंनी या शाळेची घंटा दिली, रांजण भरले, पोरींच्या वेण्या घातल्या, तापलेल्या लेकराला कडेवर घेऊन घरी पोचवलं. पण बाईंचा डावा डोळा कसा गेला, हे कोणीच बोललं नाही. मागच्या सोमवारी आपल्या नव्या शिक्षिका सृष्टी मॅडमनी मला विचारलं, "सर, बाईंचा डोळा जन्मापासूनच तसा आहे का?" आणि मी, हरिचंद गुरुजी, मुलांना खरं बोलायला शिकवणारा माणूस, म्हणालो, "हो, जन्मापासूनच."

रात्री जेवण गेलं नाही. म्हणून आज उभा आहे.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. हिंगोली जिल्हा व्हायचा होता, तेव्हा आपण परभणी जिल्ह्यातच होतो. शाळेत मुलींसाठी संडास नव्हता. सातवी झाली की मुली घरी बसायच्या. रुख्मिणीबाई एक दिवस मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, पोरी काहून येत न्हाईत ते तुमाला ठाव न्हाई काय? त्यांनी जावं कुठं?" त्यावर रामप्रसादजींनी टोपल्यांच्या सोडतीची कल्पना काढली. प्रत्येक आळीनं, वस्तीनं एकेक टोपली भरायची, लोकांनी तिकिटं घ्यायची, चिठ्ठी निघेल त्याला टोपली. अध्यक्षमहोदय, आठवतं ना? बाई घरोघर फिरल्या. कोणी हळद दिली, कोणी बांगड्या, धनगरवस्तीनं लोकरीचं घोंगडं दिलं. आणि शिवहाररावांच्या घरून आलेली पहिल्या बक्षिसाची टोपली तर पाहत राहावी अशी होती. तिच्यात जरीचं लुगडं, तुपाचा डबा आणि मधोमध लखलखीत पितळी घागर.

सव्वीस जानेवारीला दुपारी तीन वाजता पटांगण भरलं. शेजारच्या गोरेगावहून भोंगा आणला होता. माईक माझ्या हातात होता. सात टोपल्या. सहा सुखरूप गेल्या, लोक हसले, टाळ्या झाल्या. शेवटी पहिल्या बक्षिसाची टोपली. पाचवीतल्या सीमानं डब्यात हात घातला, मी नंबर वाचला, आणि मागून सटवाजी उठला. तुमच्यापैकी तरुणांनी त्याला पाहिलेलं नाही. मेंढरं राखणारा, उंच, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको चांगुणाबाई शेजारी बसली होती. ती दोन्ही हात तोंडावर घेऊन हसत होती. तिनं उभ्या जन्मात काही जिंकलं नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला, "आमच्या घरची घागर मेंढक्याच्या पालात जायची काय? गुरुजी, पुन्ना चिठ्ठी काढा."

आवाज शिवहाररावांचा होता.

होय. शिवहारराव, बसा. मी तुमच्याविषयीच बोलतो आहे.

त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं, नंबर निघाला, टोपली त्याची. चार शब्द. पण माझी नोकरी संस्थेत, आणि संस्था शिवहाररावांच्या चुलत्यांची. मी माईकवर म्हणालो, "ठीक आहे, पुन्हा काढून पाहू." सटवाजीनं माझ्याकडं पाहिलं. "काहून, गुरुजी? नंबर बराबर न्हाई काय?" मी डब्यातल्या चिठ्ठ्या ढवळू लागलो. त्यानं मग कोणाला काही न विचारता टोपली उचलली आणि बायकोच्या डोक्यावर ठेवली.

शिवहाररावांनी पहिला फटका टोपलीला मारला. घागर घरंगळत गेली, तूप मातीत सांडलं. चांगुणाबाई पडली. सटवाजीनं त्यांची कॉलर धरली. मग त्यांचे चार सोबती धावले. खुर्च्या उडाल्या. एकानं सटवाजीच्या पोटात लाथ घातली, दुसऱ्यानं त्याचं मुंडासं सोडवून त्याच्याच गळ्यात आवळलं. बाया लेकरांना घेऊन पळत होत्या. आणि मी काय केलं? मी सातवीच्या वर्गात गेलो आणि आतून कडी लावली.

सटवाजी त्यांच्या हातून सुटला. तो त्या दाराशी आला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. "गुरुजी, दार उघडा. गुरुजी, मारून राहिले मला." दोन्ही हातांनी दार बडवत होता. माझा हात कडीवर होता, विद्यार्थी मित्रहो. कडीवर होता, आणि मी ती काढली नाही.

खिडकी उघडी होती. चहाच्या चुलीपाशी सरपण फोडायची कुऱ्हाड पडलेली असायची. शिवहारराव ती घेऊन आले. त्यांनी कुऱ्हाड उलटी धरली आणि सटवाजीच्या डोक्यात घातली. एकदा. दुसऱ्यांदा. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. तो दारावर टेकला आणि खाली घसरला. दाराखालच्या फटीतून रक्त आत आलं, माझ्या चपलेपर्यंत.

तिसरा घाव पडायच्या आत रुख्मिणीबाई मध्ये आल्या. हातात काही नाही. त्यांनी दांडा धरला. "शिवहार, लेका, माणूस हाय ते!" ज्याला त्यांनी पहिलीत हात धरून बसवलं होतं, त्याला त्या लेका म्हणाल्या. शिवहाररावांनी दांडा हिसकला आणि तोच सरळ बाईंच्या डोळ्यात खुपसला. बाई खाली पडल्या, पण सटवाजीच्या अंगावर पडल्या. तिथून त्यांना कोणी हलवू शकलं नाही. लाथा त्यांच्या पाठीवर बसत होत्या. मारणारे दमले, तेव्हा निघून गेले.

मी कडी काढली ती त्यानंतर.

जीपमधून दोघांना नांदेडला नेलं; मी पुढं बसलो होतो. सटवाजीचं डोकं बाईंच्या मांडीवर होतं, आणि बाईंचा एक डोळा पदरात बांधलेला. कळमनुरी मागं पडली तेव्हा बाई म्हणाल्या, "गुरुजी, गाडी हळू घ्याया सांगा. आता घाई न्हाई."

खटला चालला. बाईंनी साक्ष दिली, एक शब्दही इकडचा तिकडं न करता. समोरच्या वकिलानं विचारलं, "डोळ्यात रक्त असताना तुम्हाला मारणारा कोण ते दिसलं कसं?" बाई म्हणाल्या, "दुसरा डोळा व्हता ना, साहेब." कोर्टात लोक हसले. मग माझं नाव पुकारलं. वर्गात होतो, खिडकीत होतो, लख्ख ऊन होतं. मी सांगितलं, "गर्दी होती, धूळ उडत होती, मला कोणी ओळखू आलं नाही." सगळे सुटले.

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीसारख्या चहा घेऊन आल्या. मी म्हणालो, "बाई, मला काही तरी बोला. शिव्या द्या." त्यांनी कप ठेवला. "काय बोलू, गुरुजी? तुमी तर पाह्यलंच न्हाई म्हंता." त्यानंतर नऊ वर्षं त्यांनी मला रोज चहा दिला आणि हा विषय कधी काढला नाही.

शिवहारराव, माईक बंद करायला सांगू नका. हरीश, वायरला हात लावू नको बाळा, झालंच माझं. काय म्हणालात? "गुरुजी, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत तुमची, विचार करा"? केला. नऊ वर्षं तोच विचार केला.

आज सकाळी मी हिंगोलीला जाऊन माझा लेखी जबाब देऊन आलो. वकील म्हणाले, सुटलेल्या माणसावर तोच खटला पुन्हा उभा राहत नाही; खोटी साक्ष दिली म्हणून तुमच्यावर मात्र राहू शकतो. राहू द्या. पण या गावानं एकदा भर सभेत ऐकलं पाहिजे की सटवाजीचा नंबर बरोबर होता, त्याला शिवहाररावांनी जिवे मारलं, आणि दार मी उघडलं नाही. बाईंनी सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

मुलींचा संडास त्याच वर्षी बांधून झाला. यंदा दहावीच्या वर्गात एकोणीस मुली आहेत. त्या पुढं बसल्या आहेत, रडत आहेत. बायांनो, रडू नका. बाईंकडं पाहा, त्या रडत नाहीत.

आता आभार. सभागृहाची सजावट करणाऱ्या विद्यार्थ्यांचे, हार-शालीची सोय करणाऱ्या शिक्षकांचे आणि इतका वेळ मला थांबवलं नाही म्हणून अध्यक्षमहोदयांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, शब्द कडक झाला असेल, लेकरांना ऐकवू नये ते ऐकवलं गेलं असेल, तर उदार मनानं क्षमा करावी. एवढ्याच गोष्टींची क्षमा मी आपल्याकडं मागतो. बाकीची मागायची ती माणसं वेगळी आहेत.

आणि एक विनंती. पत्रिकेप्रमाणे बाईंना साडी-चोळी आणि श्रीफळ सचिवांच्या हस्ते द्यायचं आहे. मागच्या दाराशी, खांबाला टेकून, चांगुणाबाई उभी आहे. आल्यापासून ती बसलेली नाही. अध्यक्षमहोदय, हा सत्कार तिच्या हातून व्हावा.

चांगुणाबाई, या. लोकहो, बाजूला व्हा, वाट द्या तिला.