ढिला नट

नाही, नाही, तुम्ही बसा. ट्रेलरवाला वळणावर अडकलाय म्हणता ना, मग घाई कसली — बसा त्या टायरवर. खुर्ची आहे, पण तिचा पाय हलतो, आणि तुम्हाला हलणारं काही आवडत नाही हे मला कळून चुकलंय. रागावू नका, मी आपलं बोलते. गाडी न्यायला आलात, न्या. तुमच्या आईची गाडी, ती तुम्ही माझ्या भावाच्या दुकानात न्या नाहीतर तळ्यात ढकला, मी कोण विचारणारी? फक्त हे इंजिन साखळीला टांगलंय ना, ते मी खाली उतरवून देते, ट्रेलरवर वेगळं बांधा. तुटलेला कान नवा करून लावलाय. कान म्हणजे — हे बघा, इंजिनाच्या पोटाला मागे दोन्ही बाजूंनी जे बाहेर आलेत ते. मागे दोन कान आणि पुढे नाकाशी एक बोल्ट, एवढ्यावर बसतं ते चासीत, गाडीच्या खालच्या सांगाड्यात. तीनच ठिकाणी. तुम्हाला कशाला सांगतेय म्हणा, तुमचं ठरलंय.

चांगलं करेल हो भाऊ. काचेची भिंत आहे त्याच्याकडे, फरशी अशी की बूट काढून आत जावंसं वाटतं, बसायला सोफा. माझ्याकडे काय, ऑइलचा वास आणि मी. पहिल्यांदा आलात तेव्हा दारातून हाक मारली होतीत, 'कोणी आहे का?' मी समोर गाडीखाली होते, पाय दिसत होते माझे, तरी कोणी आहे का! मी म्हटलं, आहे. तर म्हणालात, 'तसं नाही, मिस्त्री कोणी आहे का?' — हसा, हसा, तेव्हा मीही हसले होते. तुमच्या आई मात्र थेट माझ्याशी बोलायच्या. इतकी वर्षं चालवली त्यांनी ही गाडी, खडीच्या रस्त्यावरून, शेवटपर्यंत. मोडला कधी कान? नाही ना. मग कधी मोडला? सांगा तुम्हीच.

तो दिवस आठवतोय? जुन्या गाड्यांच्या फेरीला निघाला होतात, गाडी पुसूनपुसून चकचकीत, आणि भाऊ मुद्दाम आला होता, गाडीशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायला. बाबा तिथे खांबाशी, त्याच हलणाऱ्या खुर्चीत. तर बाबांचे चिरंजीव वाकले, खाली बॅटरी मारली आणि ओरडले — अरे, पुढचा नट ढिला! जसा काही चोर सापडला. मी म्हटलं, राहू दे, तो तसाच असतो, आवळायचा आणि मग मागे फिरवायचा, खाली स्प्रिंग आहे, पिन घातलीय, निसटत नाही. तर म्हणतो कसा, 'ताईला इंजिन म्हणजे पाळणा वाटतो, झुलवल्याशिवाय झोपत नाही!' सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने तुम्ही. — हसलात, हसलात, मागचा सोन्याचा दात दिसला मला. मग त्याने पिन उपटली, स्प्रिंग काढून भिरकावली, तिथे लोखंडी पट्टी सारली आणि पान्याला पाइप लावून नट असा गच्च केला की मान लाल झाली त्याची. तुम्ही म्हणालात, 'बरं झालं बघितलंत.' आणि फेरीहून परत येताना घाटात कान तुटला, इंजिन एका अंगाला बसलं, तर त्याने काय सांगितलं तुम्हाला? आधी ढिला होता ना, तेव्हाच तडा गेला असणार. पटलं तुम्हाला. का नाही पटणार? ढिलं म्हणजे आळस आणि घट्ट म्हणजे काम, असंच वाटतं सगळ्यांना.

उठा जरा. उठा हो, ट्रेलर आला की हॉर्न वाजवेल. ते ड्रायव्हरचं दार उघडा. उघडलं ना, अलगद? लावा परत. आता मी हा जॅक लावते पुढे, फक्त या एका चाकाच्या बाजूला — थांबा — अजून थोडा — हं. आता उघडा. ओढा की. जोर लावा, मोडत नाही ते. नाही ना उघडत? दार तेच, हात तुमचाच. चासी पिळली. या जुन्या गाड्यांचं असंच, दोन लांब दांड्या आणि मध्ये आडव्या, एक चाक खड्ड्यात गेलं की सगळा सांगाडा पीळ खातो. खाऊ द्यावा. तशीच घडवलीय ती, तिची चूक नाही. पण इंजिन ओतीव, ते नाही पीळ खात, ते तुटतं. म्हणून नाक मोकळं ठेवायचं त्याचं, चासीला काय वळवळायचं ते वळवळू दे. दोघांतल्या एकाला तरी सोडून द्यावं लागतं. आमच्या घरात ते काम माझ्याकडे आहे.

काय म्हणालात? इथेच ठेवता गाडी? आता? दार अडकलं म्हणून? त्या दिवशी मी तोंडाने सांगत होते, ते नाही ऐकू आलं — असू दे. हे कुणी शिकवलं, म्हणता? रेडिओ ऐकू येतोय ना आतून, त्यांनी. बाबांनी. भाऊ तेव्हा गाडीखाली जायला नाक मुरडायचा, कपडे खराब होतात म्हणून, मग मला घातलं खाली. माझा हात धरून नट फिरवायचे — आवळ, आता सोड, अजून, हां, बोटाने हलतंय? बस. आणि आल्यागेल्याला सांगायचे, माझा हात पोरग्यात उतरलाय. पोरग्यात! मी तिथेच चहाचे कप घेऊन उभी. आणि त्या दिवशी तो पट्टी सारत होता तेव्हा बाबा बघत होते. डोळे धड आहेत त्यांचे. नटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं हो! 'राहू दे' एवढे दोन शब्द. मी वाट बघत उभी होते, त्या दोन शब्दांची. तर म्हणाले, 'चहा टाक गं.' टाकला. साखर विसरले मी, ती मात्र लगेच कळली त्यांना.

रोज दाढी करते मी त्यांची, हात थरथरतात म्हणून. तो रविवारी फळं घेऊन येतो, सोफ्याच्या गोष्टी सांगतो, जातो, आणि तेवढ्यावर बाबांचा आठवडा जातो. मला वाईट नाही वाटत. — वाटतं. वाटतं हो. त्यांच्या गालावर साबण लावताना तर फार.

ठेवायचीय ना गाडी? मग एक करा. त्या आतल्या दाराशी जा आणि विचारा त्यांना, पुढचा नट ढिला ठेवायचा की आवळायचा. एवढंच. तुम्ही बाहेरचे, तुम्हाला सांगतील. त्यांनी 'ढिला' म्हटलं की लगेच बसवायला घेते इंजिन, तुमच्यासमोर. माझं नाव नका काढू, नुसतं विचारा. जा. — मोठ्याने, रेडिओ चालू आहे. — आईच्या गाडीचं म्हणा, ती ओळखतात ते. — हं.

बंद केला रेडिओ. ऐकलं. ऐकलं त्यांनी! थांबा, बोलू नका, शब्द जुळवायला वेळ लागतो त्यांना —

परत लावला.

या इकडे. नका पुन्हा विचारू. दाखवायला एकच पोरगा आहे त्यांच्याकडे, तो कसा मोडतील? हॉर्न वाजला बघा. नाही, गाडी न्या तुम्ही. मी नाही बसवणार, या छपराखाली तर नाहीच. जॅक उतरवलाय, उघडेल दार. आणि हे घ्या — स्प्रिंग, त्याने भिरकावलेली, मी उचलून ठेवली होती, आणि ही नवी पिन. भावाला द्या. म्हणावं पट्टी घालू नकोस, ही स्प्रिंग घाल, नट आवळ आणि मागे घे, नाक बोटाने हलेपर्यंत. कुणी सांगितलं विचारलं तर बाबांनी सांगितलं म्हणा. माझं नाव काढलंत तर मुद्दाम आवळेल तो, आणि घाटात तुम्ही असाल. चिंधीत गुंडाळून देते, शर्टाला ग्रीस लागेल. जा आता. जा म्हटलं ना.