पोट डोक्याएवढं, बस्स!

…अहो, पण त्याला गालच नाहीत! गाल नाहीत, तर बाळसं धरलंय की वाळलंय हे माणसाला कळावं कसं? एवढी पोरं वाढवली मी, एकालाही वरून बघितलं नाही! आणि ही नात, कामासाठी परगावी निघाली नि तिची ती पाण्यातली पाल माझ्या गळ्यात बांधून गेली. पाल म्हटलं की चिडते, "आजी, न्यूट म्हण!" बरं बाई, न्यूट! "एक दिवसाआड गांडुळाचा एकच तुकडा. आणि वरून बघायचं हं. पोट डोक्याएवढं रुंद हवं, बस्स! फुगलं तर कमी दे, कमरेची हाडं दिसली तर वाढव." हेच माप घरात सगळ्यांना लावलं, तर आमच्या चिरंजीवांना उद्यापासून नुसत्या पाण्यावर ठेवावं लागेल!

पण तुम्हाला सांगते, ते बघतं हो! टाकीच्या काचेला नाक लावून, इवलेसे हात पसरून… जन्माचं उपाशी! मी काळजावर दगड ठेवला. एक म्हणजे एकच तुकडा. तरी पोट डोक्याबाहेर! मग अर्धा दिला. आणखी फुगलं! त्याचाही अर्धा केला… टम्म! म्हटलं, हे वाऱ्यावर पोसलं जातंय की काय? कसलं पोट डोक्याएवढं, त्या पोटापुढे डोकं शोधावं लागत होतं!

आणि एके सकाळी बघते तर तळाशी पडलेलं. हालेना. गांडूळ नाकापुढे नाचवलं, तर तोंडही उघडेना. ही पोर लहानपणी बाहुलीसुद्धा कुणाच्या हाती देत नसे हो… आणि हे जिवंत, माझ्या भरवशावर ठेवून गेलेली!

"गेलं रे गेलं!" मी ओरडले. मुलगा धावत आला. "असं कसं? आत्ताच तर मी…" आणि जीभ चावली.

"आत्ताच तू काय?"

"अगं आई, केविलवाणं बघत होतं. रोज देतो एक तुकडा."

तेवढ्यात मागून सूनबाई, "अहो, तुम्ही देता? मी दुपारी देते ना! म्हटलं, आईंचा हात आखडता…"

आखडता! माझा!

नातीला फोन लावला. "आजी, फोन त्याच्यावर धर. वरून गं, वरून! हां… गळा हलतोय, जिवंत आहे. खाणं अतोनात झालंय. पाणी बदला, आणि पोट डोक्याएवढं होईपर्यंत कुणी काही घालायचं नाही. कुणीच!"

गांडुळांचा डबा मी कुलपात घातला. तिघं त्या टाकीभोवती, श्वास रोखून… दिवस गेला, हालेना. दुसरा गेला. काल सुळकन वर आलं नि काचेला नाक लावलं! सून रडायला लागली, मुलाने टाळी वाजवली, आणि लगेच दोघं एका सुरात, "आई, एवढासा तुकडा देऊ या ना!"

मी वरून बघितलं. पोट अजून रुंदच. म्हटलं, "नाही."

झालं! आता ते काचेतून बघतं, मुलगा दारातून बघतो, सून ओट्यापासून बघते. लाड करून मारायला निघाले ते, उपाशी ठेवून जगवलं मी… आणि घरात दुष्ट कोण? तर म्हातारी!